सव्वा तासाचे उड्डाण, तीन दिवसांचा प्रवास

विशेष प्रतिनिधी

कोल्हापूरहून नागपूरला जायचे ठरले की पहिला प्रश्न ‘कसे जाणार?’ असा येतो, ‘कधी पोहोचणार?’ हा प्रश्न त्यानंतरचा. एकाच राज्यातील या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या मार्गाने, म्हणजे मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असे वळसे घेत गेल्यास तेच अंतर १२०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि प्रवासात सुमारे चोवीस तास जातात. मे २०२५ मध्ये या दोन शहरांदरम्यान थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा चोवीस तासांचा प्रवास सव्वा-दीड तासावर आल्याचा आनंद दोन्हीकडे व्यक्त झाला. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विमान हवेत किती वेळ असते, हे भूगोल आणि यंत्र ठरवतात. प्रवाशाचा किती वेळ जातो, हे मात्र वेळापत्रक ठरवते आणि ते वेळापत्रक किती काळ टिकते, हे सरकारी धोरण ठरवते. राज्यातील लहान विमानतळ परस्परांना जोडण्याच्या चर्चेत नेमका हाच भाग मागे पडतो.

नकाशावर कोल्हापूर आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती सांगलीच्या जवळून निघून पंढरपूर, धाराशिव आणि अंबाजोगाईच्या परिसरावरून जाते, पुढे नांदेड आणि हिंगोलीच्या मधून वाट काढते आणि यवतमाळवरून नागपूरला पोहोचते. थोडक्यात, ही रेषा मराठवाड्याच्या मध्यातून जाते. लोहमार्गाचे जाळे मात्र ब्रिटिश काळात मुंबई केंद्रस्थानी ठेवून विणले गेले. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशाला आधी उत्तरेकडे पुण्याला आणि तिथून खान्देशात जावे लागते. पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला या मार्गाने जाणारी एक कोल्हापूर-नागपूर गाडी आहे आणि ती या सरळ रेषेच्या बरीच जवळून जाते. पण ती आठवड्यातून दोनदाच धावते. रस्त्याने सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा हा मार्ग आठशे किलोमीटरहून अधिक भरतो आणि बसने संध्याकाळी निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी उन्ह वर आल्यावरच नागपुरात उतरतो.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवण्याजोगा आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि हे अंतर मोटारीने आठ तासांत कापता येईल असे सांगण्यात आले. कोल्हापूर-नागपूर हवाई अंतर जवळजवळ एवढेच आहे. म्हणजे मुंबईकराला नागपूर जमिनीवरून जितके दूर आहे, तितकेच ते कोल्हापूरकराला हवेतून आहे. फरक असा की मुंबईकराच्या हाताशी तो महामार्ग आहे, रोजच्या अनेक गाड्या आहेत आणि दिवसभरात कितीतरी विमाने आहेत. कोल्हापूरकराकडे एक वळशाची गाडी, दोन दिवसांची दुसरी गाडी, रात्रीची बस आणि आता हे विमान आहे.

मिनिटे कुठे जातात

विमान कंपन्या वेळापत्रकात जो प्रवासकाळ छापतात, तो चाकाखालचे अडथळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणे, परवानगीची वाट पाहणे, उड्डाण, चढाई, समतल प्रवास, उतरण आणि विमान जागेवर उभे करणे हे सारे त्यात येते. सातशे किलोमीटरच्या टप्प्यात जेट विमानाला पूर्ण वेगाने जायला मिळणारा वेळ फार नसतो. ७६ आसनांचे एम्ब्रेअर १७५ हे विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. तरीही या अंतराला एक तास पुरत नाही, सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. पंख्याचे एटीआर ७२ विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटरने जाते, त्याला पावणेदोन तास लागतील. याउलट नांदेड-नागपूर हे हवाई अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. तिथे जेट आणि पंख्याचे विमान यांच्यातील फरक दहा-बारा मिनिटांवर येतो, कारण बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच संपतो. अंतर जितके कमी, तितका वेगाचा फायदा कमी आणि इंधनाचा दर किलोमीटरमागचा खर्च अधिक, असे हे साधे गणित आहे.

शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेवरून जात नाही. आखून दिलेल्या हवाई मार्गांनी आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेप्रमाणे ते जाते. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे नागपूरकडे जाताना पाठीशी असतात आणि परतताना समोरून येतात. त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो. या तपशिलांवर वैमानिकांनी विचार करावा. प्रवाशाच्या दृष्टीने दहा मिनिटे इकडे-तिकडे झाल्याने काहीच बिघडत नाही.

बिघडते ते जमिनीवर. कोल्हापूरचा विमानतळ शहराबाहेर उजळाईवाडीला आहे. घरून निघून तिथे पोहोचायला अर्धा तास धरला आणि उड्डाणाआधी किमान तासभर खिडकी बंद होते म्हणून दीड तास आधी पोहोचायचे ठरवले, तर विमान हलण्यापूर्वीच दोन तास गेले. नागपूरला उतरल्यावर सामान मिळून बाहेर पडायला आणि सोनेगावहून शहरात जायला तासभर लागतो. मेट्रोचे स्थानक विमानतळाजवळ आहे, ही नागपूरची जमेची बाजू. एकूण हिशेब घरापासून घरापर्यंत सव्वाचार तासांचा होतो. जाहिरातीतील आकड्याच्या तिप्पट म्हणता येईल असा हा वेळ आहे. तरीही चोवीस तासांच्या तुलनेत तो फारच थोडा आहे आणि यात कुरकुर करण्यासारखे काही नाही.

थेट विमान नसते तर काय करावे लागते, हे पाहिल्यावर त्याचे महत्त्व अधिक कळते. मुंबईमार्गे गेल्यास हवाई अंतर ७०० वरून ९९० किलोमीटरवर जाते, हैदराबादमार्गे ते ८८० च्या आसपास भरते. पण खरा तोटा किलोमीटरचा नसतो. दोन्ही विमाने एकाच कंपनीची नसतील, तर तिकिटे दोन काढावी लागतात, सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्याचे तिकीट वाया जाण्याची जोखीम प्रवाशाच्याच डोक्यावर राहते. म्हणून जाणता प्रवासी मधे चार-पाच तासांची फट ठेवतो आणि विमानाने जाऊनही त्याचा अख्खा दिवस मोडतो. दुसरा, कोल्हापूरकरांच्या अंगवळणी पडलेला पर्याय पुण्याचा. सुमारे २३० किलोमीटर मोटारीने पुणे गाठायचे आणि तिथून नागपूरचे विमान धरायचे. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे, वळणरस्ते आणि पुण्याची वाहतूक यांतून सुटून नागपुरात पोहोचेपर्यंत नऊ-दहा तास होतात. शिवाय परतीचे विमान रात्री उतरणारे असेल, तर पुण्यात मुक्काम आलाच.

आठवड्यातील दिवसांचा हिशेब

आता शीर्षकातील तीन दिवसांकडे वळता येईल. समजा, एखाद्या मार्गावर विमान आठवड्यातून चार दिवस आहे; सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. कोल्हापूरच्या एखाद्या साखर कारखान्याच्या अधिकाऱ्याला हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपुरात बुधवारी सकाळी बैठक आहे. त्याने मंगळवारी जायचे, बुधवारी दोन तासांचे काम करायचे आणि गुरुवारच्या विमानाची वाट पाहत थांबायचे. बैठक एक दिवस पुढे गेली, तर मुक्काम थेट शनिवारपर्यंत. हवेतील वेळ जाऊन-येऊन अडीच-तीन तासांचा, प्रवास मात्र तीन दिवसांचा आणि दोन रात्रींच्या हॉटेलखर्चाचा. असा प्रवासी पुढच्या वेळी पुण्याचाच रस्ता धरतो. मग विमानात जागा रिकाम्या राहतात. जागा रिकाम्या राहतात म्हणून कंपनी चाराचे तीन दिवस करते. तीन दिवस झाल्यावर उरलेलेही प्रवासी गळतात. राज्यातील अनेक लहान विमानतळांवरच्या सेवा सुरू होऊन बंद पडण्यामागे हीच साखळी असते आणि तिला ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असे नाव दिले जाते.

विमान रोज असणे हे म्हणूनच वेगापेक्षा महत्त्वाचे ठरते. रोज एकदा, पण ठरलेल्या वेळी जाणारे पंख्याचे विमान आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या जेटपेक्षा कोल्हापूर-नागपूर प्रवाशाच्या अधिक उपयोगाचे. त्यातही सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आले, तर मुक्काम टळतो. असे वेळापत्रक जुळवायला मात्र दोन्ही विमानतळ दिवसाच्या दोन्ही टोकांना उघडे असावे लागतात, रात्री उतरण्याची सोय असावी लागते आणि विमान त्यासाठी मोकळे असावे लागते. लहान कंपन्यांकडे मोजकीच विमाने असतात. एकच विमान सकाळपासून चार-पाच शहरांत फिरते आणि त्यातल्या एका ठिकाणी धुके पडले किंवा बिघाड झाला, तर पुढच्या सर्व शहरांचे वेळापत्रक कोलमडते. कोल्हापूरचा प्रवासी अशा वेळी नागपूरच्या नव्हे, तर भलत्याच गावच्या धुक्यामुळे खोळंबलेला असतो.

कोल्हापूरने हे चढउतार पुरेसे पाहिले आहेत. हा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. एवढा जुना वारसा असूनही २०११ नंतर काही वर्षे येथून नियमित प्रवासी सेवाच नव्हती. ‘उडान’ योजनेखाली २०१८ मध्ये मुंबईची सेवा छोट्या विमानाने पुन्हा सुरू झाली, पण ती फार काळ टिकली नाही. पुढे हैदराबाद, बंगळुरू, तिरुपती, अहमदाबाद अशी शहरे जोडली गेली. १३७० मीटरची धावपट्टी वाढवून १९३० मीटर करण्यात आली. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. नागपूरची सेवा सुरू करणारी स्टार एअर ही कंपनी कोल्हापूर परिसरातीलच घोडावत उद्योगसमूहाची आहे, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. बाहेरच्या कंपनीच्या दृष्टीने कोल्हापूर हे नकाशावरचे एक टोक असते, घरच्या कंपनीच्या दृष्टीने ते केंद्र असते. अर्थात आपुलकीवर विमाने उडत नाहीत, हे किंगफिशरपासून ट्रूजेटपर्यंत अनेकांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.

अंतराचे सरकारी माप

केंद्राची ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्यातील पहिल्या उड्डाणांना झेंडा दाखवण्यात आला. त्या पहिल्या तीन मार्गांपैकी एक नांदेड-हैदराबाद होता. योजनेची रचना अंतरावर उभी आहे. सुमारे पाचशे किलोमीटर किंवा एक तासाच्या उड्डाणासाठी २५०० रुपयांची भाडेमर्यादा आणि अंतराच्या टप्प्यांनुसार त्यात कमी-अधिक. विमानातील निम्म्यापर्यंत जागा या दराने द्यायच्या आणि कंपनीचा त्यातील तोटा ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून भरून द्यायचा. या निधीचा ८० टक्के भार केंद्राकडील निधीवर आणि २० टक्के राज्यावर. कंपनीला तीन वर्षे त्या मार्गावर एकाधिकार. राज्याने इंधनावरील कर एक टक्क्यावर आणायचा. कागदावर ही रचना चांगली आहे आणि तिच्यामुळे अनेक ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर विमाने उतरली, हे मान्य करावे लागेल.

मात्र भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मांडलेले आकडे विचार करायला लावणारे आहेत. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत देण्यात आलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांपैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपून अनुदान बंद झाल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिलेले मार्ग फक्त ५४. म्हणजे मंजूर झालेल्या दर शंभर मार्गांमागे सात. उरलेल्या त्र्याण्णवांचा दोष प्रवाशांच्या माथी मारणे सोपे आहे. पण कोणते दोन विमानतळ जोडायचे याचा निर्णय घेताना त्या दोन गावांमधील जमिनीवरचे अंतर, रस्ता आणि रेल्वे यांचा विचार किती झाला, हा प्रश्न विचारायला हवा.

महाराष्ट्रातीलच उदाहरणे पाहता येतील. नाशिक-पुणे हे हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर. डिसेंबर २०१७ पासूनच्या पहिल्या फेरीत या दोन शहरांना छोट्या विमानाने जोडण्याचा प्रयत्न झाला. दोन्हीकडच्या विमानतळांपर्यंतचा प्रवास आणि आधी पोहोचण्याचा वेळ धरला, तर मोटारीच्या तुलनेत वाचणारा वेळ तासाभराचाही नव्हता. नाशिकचा विमानतळ ओझरला आणि पुण्याचा लोहगावला, दोन्ही शहराच्या बाहेर. चाकण-नारायणगावच्या कोंडीला नाशिककर कितीही नावे ठेवोत, पण त्या कोंडीवर विमान हे उत्तर नव्हते. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाची गोष्ट वेगळी आणि अधिक बोचरी. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला, मुंबईशी जोडला गेला. जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. चिपी आणि मोपा यांच्यातील हवाई अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. मोपाला दिवसभर विमाने, अनेक कंपन्या आणि स्पर्धेमुळे अनेकदा स्वस्त तिकिटे. चिपीला एकाच कंपनीचे एक विमान. सावंतवाडीच्या प्रवाशाने काय निवडावे, हे सांगण्याची गरज नाही. तीन वर्षांचा करार संपल्यावर २०२४ च्या अखेरीस चिपीची ती मुंबई सेवा थांबली.

याउलट कोल्हापूर-नागपूर. येथे जमिनीवरचे अंतर हवाई अंतराच्या तुलनेत रेल्वेने पावणेदोनपट आहे, रस्ता एका दमात कापता येण्याजोगा नाही, जवळपास पर्यायी विमानतळ नाही आणि विमानाने वाचणारा वेळ वीस तासांच्या घरात जातो. विमानसेवेसाठी याहून योग्य जोडी राज्यात शोधावी लागेल. तरीही उडानची पहिली उड्डाणे झाल्यापासून ही दोन शहरे थेट जोडायला आठ वर्षे गेली. मुंबईला जोडणारे मार्ग आधी मागितले जातात, कारण मागणारे मुंबईला जाऊ इच्छितात. राज्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याशी जोडावा, असा आग्रह धरणारा मतदारसंघ नसतो.

नांदेड-नागपूर मार्गाचे भवितव्य मात्र वेगळ्या कारणाने अनिश्चित आहे. २०२४ मध्ये ही सेवा सुरू झाली. रस्त्याचे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतले आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद झालेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग २००८-०९ पासून रखडत का होईना पुढे सरकत आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग पूर्ण होऊन थेट गाड्या धावू लागल्या, तर घरापासून घरापर्यंतच्या हिशेबात नांदेडकराचा विमानाने फारसा वेळ वाचणार नाही. नांदेडला दिल्ली, मुंबई, पंजाब यांच्याशी जोडणारी विमाने हवीत, कारण सचखंड गुरुद्वाराला येणारा भाविक दूरचा आहे. नागपूरसाठी त्याला रेल्वे अधिक उपयोगाची.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग झाला, तर कोल्हापूर-नागपूर विमानाचे काय, असा प्रश्न या संदर्भात विचारला जातो. सुमारे आठशे किलोमीटरच्या या प्रस्तावित मार्गाने नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल, असा सरकारचा दावा आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला मंजुरीही दिली. पण या महामार्गाला सर्वाधिक विरोध झाला तो कोल्हापूर जिल्ह्यातच. पंचगंगा खोऱ्यातील बागायती जमीन देऊन नागपूर जवळ आणायचे का, हा शेतकऱ्यांचा प्रश्न प्रवासवेळेच्या कोणत्याही तक्त्याने सुटणारा नाही. आणि रस्ता झाला तरी सात-आठ तासांच्या मोटारप्रवासापुढे सव्वाचार तासांचे विमान टिकते. सातशे किलोमीटर हे अंतरच असे आहे की तिथे विमान वरचढ ठरते. पावणेतीनशे किलोमीटरला ते ठरत नाही.

डिसेंबरचा धडा

राज्याच्या कारभारात नागपूरचे स्थान कराराने ठरलेले आहे. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन तेथे भरते आणि डिसेंबरात सारा कारभार, फायली आणि शिष्टमंडळे घेऊन तिकडे जातो. २०२५ चे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू झाले ते देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द होत असताना. त्या गोंधळात तिकिटांचे दर भडकले, म्हणून केंद्राने ६ डिसेंबरला कमाल भाडे ठरवून दिले. पाचशे किलोमीटरपर्यंत ७५०० रुपये, पाचशे ते हजार किलोमीटरपर्यंत १२ हजार, त्यापुढे आणखी टप्पे. इथेही माप अंतराचेच. मुंबईहून येणाऱ्यांना त्या दिवसांत समृद्धी महामार्गाचा आधार होता. चंदगड, शिराळा किंवा जतच्या माणसाला असा कोणताच आधार नव्हता. अधिवेशन विदर्भाच्या प्रश्नांसाठी भरते हे खरे, पण तेथे निर्णय साऱ्या राज्याचे होतात आणि त्यासाठी गाऱ्हाणी घेऊन जाण्याचा हक्क दक्षिण महाराष्ट्रालाही आहे.

अंतर कमी करण्याचा एक वेगळा मार्ग कोल्हापूरने याच वर्षी पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी थांबली. माणसाला संस्थेकडे वेगाने नेण्याऐवजी संस्थाच जवळ आणली गेली. त्यासाठी वकील आणि नागरिकांना चार दशकांहून अधिक काळ आंदोलन करावे लागले, ही गोष्ट वेगळी. या बेंचचे उद्घाटन करणारे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित सेवा सुरू झाली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. पण प्रत्येक संस्थेची शाखा प्रत्येक शहरात निघू शकत नाही. नागपूरचे एम्स कोल्हापुरात येणार नाही आणि अंबाबाई नागपूरला जाणार नाही. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद आणि मेअखेर नागपूरची बहिष्कृत परिषद, अशी दोन टोके शाहू महाराजांनी अवघ्या दहा आठवड्यांत सांधली होती. त्या काळच्या आगगाडीने किती वेळ घेतला असेल, याची कल्पनाच करावी.

सरकारच्या हाती आता दोन गोष्टी आहेत. पहिली, राज्यांतर्गत मार्गांना पैसे देताना अट कोणती घालायची ही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई मार्गासाठी स्वतःच्या तिजोरीतून तफावत निधी देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे केंद्राच्या योजनेबाहेर जाऊन मार्गांना मदत करण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारलेले आहे. मग ही मदत प्रत्येक आसनामागे देताना आठवड्यातील दिवसांशी आणि वेळेशी बांधता येईल. आठवड्यातून तीन दिवसांच्या सेवेला कमी, सहा-सात दिवसांच्या सेवेला अधिक आणि रद्द झालेल्या उड्डाणासाठी कपात. शिवाय मार्ग निवडताना हवाई अंतराऐवजी घरापासून घरापर्यंत वाचणारे तास मोजले, तर कोल्हापूर-नागपूरसारख्या जोड्या यादीत आपोआप वर येतील आणि नाशिक-पुण्यासारख्या खाली जातील. तीन वर्षांनी मदत एकदम तोडण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने कमी करणेही शक्य आहे.

दुसरी गोष्ट रेल्वेची आहे आणि ती विमानापेक्षा मोठी आहे. ७६ आसनांचे विमान आठवड्यातून चार दिवस पूर्ण भरून गेले, तरी एका दिशेने आठवड्याला तीनशे चार माणसे जातात. वीस डब्यांची एक गाडी एका फेरीत हजारावर माणसे नेते. तिकीट परवडणाऱ्यांसाठी विमान हवे, पण नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणारा इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार किंवा अंबाबाईला येणारे यवतमाळचे शेतकरी कुटुंब विमानात बसणार नाही. लातूर-परभणी-अकोला मार्गे जाणारी कोल्हापूर-नागपूर गाडी आठवड्यातून दोनऐवजी रोज सोडली, तर तिचा लाभ वाटेतल्या पाच-सहा जिल्ह्यांनाही होईल. विमान मात्र त्यांच्या डोक्यावरून न थांबता निघून जाते. या मागणीसाठी नवा रूळ टाकावा लागत नाही, डबे आणि इच्छाशक्ती लागते.

विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. कोल्हापूर आणि नागपूर या दोन्ही शहरांतील व्यापारी संघटना, वकील आणि लोकप्रतिनिधी यांनी त्या दोन तारखांना उड्डाणाची मिनिटे न पाहता एवढेच पाहावे की या मार्गापुढे आठवड्यातील किती दिवस लिहिलेले आहेत, आणि बुधवारी काम असलेला माणूस बुधवारी रात्री घरी परतू शकतो का.